खालचा धनी

माझ्या भाच्याला सगळे कवळीकर म्हणतात. ते आडनाव नव्हे, धंदा आहे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेतात आणि डब्यात घालून याच्याकडे पाठवतात. हा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि कवळी करून परत पाठवतो. ज्याची कवळी, त्याचं तोंड याला आतून पाठ असतं, पण तो माणूस रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही. एवढ्यावरून कोणी हुशार माणूस पुढचं सगळं ओळखेल. मी शिकलेली असून मला ओळखता आलं नाही, ते असो.

हा माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा. खालच्या मजल्यावर पुढच्या खोलीत त्याचं काम, मागे त्याचा संसार, वरच्या मजल्यावर मी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले. वरचे वरच्या फळीवर, खालचे खालच्या. जेवणाचं टेबल त्याच खोलीत, कारण दुसरीकडे ते मावत नाही. पाहुणा पहिला घास घेताना एकदा फळीकडे बघतोच.

स्वभावाने गरीब. गरीब म्हणजे चांगला असं आपल्याकडे उगाच धरून चालतात. हा नुसता गप्प. लहानपणी ताप चढला तरी सांगायचा नाही, कपाळाला हात लावून आम्हीच शोधायचा. मोठा झाल्यावर त्याने दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक कवळ्या, आणि दुसरा रविवारचा खेळ.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. आपलं माणूस काय करणार ते आपण बोलायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि जगात उरलेलं सगळं, म्हणजे राजे, राक्षस, हवापाणी आणि मेलेली माणसं, गोष्ट सांगणारा सांभाळतो. सांगणारा अर्थातच हा. घरात तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि रविवारी दुपारी टेबलाशी बसला की याच्या घशातून म्हाताऱ्या, चोर, घोडे, पुजारी सगळे बाहेर पडायचे. खेळणारे तिघं: मी, बस चालवणारा त्याचा शाळेतला मित्र, आणि माझी भाचेसून.

भाचेसून कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. नवे कपडे नाहीत, जुनेच. आत घे, बाहेर सोड, चेन बदल. हाताला चांगली, जिभेलाही चांगली. लग्न होऊन आली तेव्हा घरभर तिची बडबड असायची. मग ती कमी होत गेली. भिंतीशी किती वर्षं बोलणार माणूस? भांडण नाही, आदळआपट नाही. तिने काही सांगितलं की हा म्हणायचा, "हं." दुसरं काही सांगितलं की दुसरा "हं." शेवटी त्यांच्यात कामाचे तेवढे निरोप उरले. मीठ संपलंय. नळ दुरुस्त करायला हवा. मी उशिरा येईन. हा संसार कशावर उभा आहे, असं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, रविवारच्या दुपारवर.

कारण त्या खेळात तिला एक धनी होता.

धनी म्हणजे काय ते सांगते. या खेळात काही माणसांना बळ कोण्या अमानवी शक्तीकडून मिळतं. ती शक्ती देते आणि बदल्यात काहीतरी मागते. असा करार असला की तिला आमच्या टेबलावर धनी म्हणत. हा शब्द मला मुळीच आवडायचा नाही. माझ्या आजीच्या पिढीत बायका नवऱ्याला धनी म्हणत, आणि तो शब्द कानावर आला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. खेळात मी एक चोरटी, आणि भाचा माझ्या मागे लागलेला, "आत्या, तुझ्या चोरटीला पण एक धनी देऊ का?"

"एक होता, तो वारला," मी म्हटलं. "पुरे झालं."

ड्रायव्हरला मात्र होता. चौकातली म्हातारी. ती त्याला लढाईत नशीब द्यायची आणि मागायची एकच, कधी मागे वळायचं नाही.

"रिव्हर्स पण नाही?" ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही."

"मग डेपोत गाडी लावू कशी?"

या धन्यांच्या बाबतीत भाच्याचे नियम कडक होते, आणि ते त्याने ठेच लागून शिकले होते. एकदा म्हातारी रागावली म्हणून त्याने ड्रायव्हरची तलवार काढून घेतली, तर ड्रायव्हर महिनाभर आला नाही. तेव्हापासून हा म्हणायचा, धनी म्हणजे खेळणाऱ्याच्या नाकातली वेसण नव्हे. धन्याने ओढायचं नाही. विचारायचं, आणि ज्याचं त्याला ठरवू द्यायचं. धन्याला स्वतःची काहीतरी भूक पाहिजे, नाहीतर तो नुसता दुकानदार. खेळणाऱ्याला आधी बाजूला घेऊन विचारायचं, तुला कसा धनी हवा. त्याच्या डोक्यावर लादायचा नाही. एकदा दिलेला शब्द धनी परत घेत नाही. आणि करारात दार ठेवायचं. बाहेर पडायची वाट नसेल तर तो करार नव्हे, कोंडवाडा.

त्याप्रमाणे त्याने बायकोलाही बाजूला घेऊन विचारलं होतं, कसा धनी हवा म्हणून. मी तिथेच भाजी निवडत होते.

ती म्हणाली, "ऐकणारा."

"छान आहे," हा म्हणाला, आणि कामाला लागला.

तिचं माणूस म्हणजे एक मीठवाली. मिठाच्या खाणीत दरड कोसळून गाडली गेलेली. तिथे अगदी तळाशी जो कोणी राहतो त्याने तिला श्वास दिला आणि वर पाठवलं. त्याचं नाव खालचा. नाव फळीवरून सुचलेलं. मी हसले तर भाचा गंभीरपणे म्हणाला, "बोलताना वरचा जबडा हलत नाही, आत्या. हलतो तो खालचाच." खालचा जन्माचा आंधळा, कधी वर न आलेला. त्याची भूक अशी, की मीठवालीने दर भेटीला वरच्या जगात पाहिलेली एक गोष्ट त्याला सांगायची. बस, एवढंच. आणि दार असं, की ज्या दिवशी तिच्याकडे त्याला सांगण्यासारखं काही उरणार नाही, त्या दिवशी ती मोकळी.

सुरुवातीला तिने डोंगर, किल्ले असलं काहीबाही सांगितलं. मग एका रविवारी म्हणाली, "धनी, आज एक माणूस बायकोचा कोट घेऊन आला होता. बायको गेली त्याची. म्हणाला, बाह्या माझ्या मापाच्या करून द्या."

राजे-राक्षसांच्या गोष्टीत कपडे दुरुस्तीचं दुकान कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही.

"रंग कोणता?" खालच्याने विचारलं. तो आवाज भाच्याच्या छातीतून यायचा, जड, सावकाश.

"राखाडी."

"मला रंग माहीत नाहीत. सांग."

ती म्हणाली, "ओल्या पाटीवरून फडकं फिरवल्यावर जे उरतं ना, ते."

"त्याने कोट घालून पाहिला?"

"पाहिला. खांद्यात बसत नव्हता. मी म्हटलं, खांदे सोडवून देते. तर म्हणाला, नको, तेवढे राहू द्या."

"का?"

"ते नाही विचारलं मी."

"पुढच्या वेळी विचार," खालचा म्हणाला.

ड्रायव्हर डोळे पुसत होता. मला मात्र राग आला, कारण हीच गोष्ट मी गुरुवारी संध्याकाळी ऐकली होती. ती घरात शिरल्याशिरल्या चपलाही न काढता नवऱ्याला सांगायला लागली होती, आणि हा पॉलिशच्या यंत्रापाशी बसून "हं, हं" करत होता. यंत्रही बंद केलं नाही. तोच माणूस, तीच गोष्ट.

मी त्याला तोंडावर म्हटलं, "अरे, हे प्रश्न गुरुवारी कुठे गेले होते?"

"तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाही, आत्या. इथे मी तो असतो."

असं कितीतरी रविवार चाललं. ती आठवडाभर बघायची, साठवायची, आणि रविवारी त्या आंधळ्याच्या पुढ्यात ठेवायची. मला कधीकधी वाटायचं की बरं आहे, निदान कुठेतरी बोलतात. पण कुठेतरी बोलणं आणि घरात बोलणं यात फरक असतो, आणि तो तिच्या चेहऱ्यावर दिसायला लागला होता.

मग तो रविवार. गोष्टीत आम्ही जुन्या खाणीच्या तोंडाशी आलो होतो. खाली काळोख. भाच्याने त्या काळोखाचं असं वर्णन केलं की मी शाल ओढून घेतली. मग आवाज बदलला.

"आज वर काय पाहिलंस?"

"खोली बघून आले, धनी," ती म्हणाली.

भाचा खूश झाला. खाणीची खोली बघून आली म्हणजे फासे टाकण्याआधीच ती गोष्टीत उतरली, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

"किती आहे?"

"एकटीपुरती."

"आत उजेड पोचतो?"

"सकाळचा पोचतो. नंतर नाही."

"वरचे आवाज येतात?"

"येतात. कोणाचे ते कळत नाही. तेच बरं वाटतं."

"भीती वाटली?"

"आत पाऊल टाकेपर्यंत. नंतर नाही वाटली."

खालच्याने आधी नुसता श्वास ऐकवला, खाणीतल्या वाऱ्यासारखा. हे तो फार छान करायचा. मग म्हणाला, "ज्याने खोली पाहिली त्याने काठावर उभं राहू नये."

"म्हणजे जाऊ?"

"मी कोण सांगणारा? तुझं तू ठरव. माझी ना नाही."

तिने मान खाली घातली. "बरं," म्हणाली.

"अगं, फासा टाक," ड्रायव्हर म्हणाला. "उतरताना घसरशील."

"नाही घसरणार," ती म्हणाली, आणि फासा तिथेच ठेवून चहा टाकायला उठली.

दोन दिवसांनी ती वर माझ्याकडे आली, चाकांची मोठी बॅग मागायला.

"कुठे निघालीस?"

"खोली घेतली ना मी, आत्याबाई. दुकानाच्या मागच्या गल्लीत. रविवारी सांगितलं की."

मी पलंगावर बसले. एवढी पुस्तकं वाचली, आणि आपल्याच भाषेतला एक शब्द मला असा दोन हातांनी ढकलून देऊन गेला.

"त्याला कळलं नाही गं," मी म्हटलं. "त्याला वाटलं, खाणीची खोली."

ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करते आहे का, असं. "पण त्याने प्रश्न विचारले. उजेड येतो का, भीती वाटली का. इतके प्रश्न त्याने मला एवढ्या वर्षांत विचारले नव्हते. मला वाटलं, कळलं म्हणूनच विचारतोय. त्याला स्वतःच्या तोंडून सांगवत नाही म्हणून धन्याच्या तोंडून सांगतोय. मी मनात म्हटलं, शेवटी तरी नीट वागला."

"थांब. मी खाली जाऊन त्याला सांगते."

"सांगा," ती म्हणाली. "मी थांबते."

ती खरंच थांबली. बॅग पायाशी ठेवून माझ्या खुर्चीवर बसली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणाले की तिचं ठरलेलंच होतं. ठरलेलं असतं तर ती बसली नसती.

खाली हा मेणाची सुरी घेऊन कोणाचीतरी दाढ बसवत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली.

"खोली?" म्हणाला. "म्हणजे, खोली?"

"हो, चार भिंतींची. वर जा आणि सांग तिला, मला कळलं नव्हतं. जाऊ नकोस म्हण."

"पण माझी ना नाही म्हटलं मी."

"ते तू कुठे म्हटलंस? ते खालच्याने म्हटलं."

"धन्याने शब्द दिला, आत्या. तो परत घेतला तर ती पुन्हा कशावर विश्वास ठेवणार?"

"अरे गाढवा, तू तिचा धनी नाहीस."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तो फळीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "वर जाऊन मी काय म्हणू? जाऊ नकोस म्हटलं आणि तिने का म्हणून विचारलं, तर? मला माझ्या आवाजात बोलता येत नाही. जमत नाही."

तो वर आला. जिना चढून आला, एवढं मी त्याच्या बाजूने सांगू शकते. दारात उभा राहिला. ती उठली. दोघं एकमेकांकडे बघत होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मग वाकून बॅग उचलली आणि तिचे कपडे भरायला खाली घेऊन गेला. रिक्षापर्यंतही त्यानेच नेली.

तरीही ती पुढच्या रविवारी आली. दारावर टकटक करून आली, पाहुण्यासारखी. "करार आहे ना," म्हणाली, आणि आपल्या जागेवर बसली. भाच्याने सकाळपासून टेबल पुसून ठेवलं होतं. त्या दिवशी तिने खालच्याला सांगितलं, खोलीतला नळ बंद केला तरी एक थेंब थांबून थांबून पडतो, पुढचा पडेपर्यंत झोप येत नाही. खालच्याने विचारलं, थेंब कशावर पडतो? ती म्हणाली, उपड्या वाटीवर. खालच्याने सुचवलं, खाली फडकं ठेव. त्यापुढच्या रविवारी ती म्हणाली, ठेवलं, झोप लागते आता.

मला आशा वाटायला लागली. आशा ही फार निर्लज्ज गोष्ट असते. ती निघायची तेव्हा हा दारापर्यंत जायचा आणि म्हणायचा, "बरं. नीट जा." ती क्षणभर उंबऱ्यात रेंगाळायची. मग जायची.

मी त्याला धरून बसवलं. "हे बघ, खेळ संपला की दारात तिला एक प्रश्न विचार. कुठलाही. जेवलीस का विचार. मूर्खातला मूर्ख नवरा विचारतो."

"जेवलीस का," तो पुटपुटला. पाढा पाठ करावा तसा.

"हं. पण तुझ्या आवाजात."

काही रविवार गेले. त्याने विचारलं नाही. तिच्या गोष्टी आखूड होत गेल्या. एक मांजर पाहिलं. काळं. पुढे काही नाही. खालचा जीव तोडून प्रश्न विचारायचा, ती दोन शब्दांत उत्तर द्यायची. ड्रायव्हर मधेच विनोद करायचा, कोणी हसायचं नाही.

आणि मग एका रविवारी त्याने विचारलं, "आज वर काय पाहिलंस?"

ती त्याच्याकडे बघत होती. खालच्याकडे नाही, भाच्याकडे. बराच वेळ.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"सांगण्यासारखं काही उरलं नाही, धनी."

ड्रायव्हरच्या हातातला फासा घरंगळून खाली गेला, तो त्याने उचलला नाही. ते दार होतं. त्यानेच ठेवलेलं. दुसरा कोणी सांगणारा असता तर पळवाट काढली असती, म्हणाला असता की खालचा रागावला, खालच्याने अट बदलली. आमचा कवळीकर नियमाचा पक्का.

"मग तू मोकळी," खालचा म्हणाला.

ती उठली. खुर्ची टेबलाखाली सरकवली, आपला फासा डब्यात टाकला, माझ्या खांद्याला हात लावला. दारापाशी गेली. मी टेबलाखालून भाच्याला पाय मारला. तो धडपडत उठला, तिच्या मागे गेला. कडीवर तिचा हात होता.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

आवाज खालच्याचा होता. जड, सावकाश, छातीतून आलेला. त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने घसा खाकरून पुन्हा तोंड उघडलं, तर काहीच आलं नाही. माणसाला काही विचारायला त्याच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. मला वाटतं, ते तिलाही तेव्हाच कळलं.

"हो, धनी," ती म्हणाली, आणि गेली. पुन्हा आली नाही.

तिची खोली चांगली आहे. मी जाऊन आले. सकाळचा उजेड येतो. मला तिने ग्राहकांच्या गमती सांगितल्या, मी हसले, आणि परत येताना ते सगळं कोणाला सांगायचं ते कळेना.

रविवारचा खेळ बंद पडला. ड्रायव्हर कधी येतो, बसतो. "माझी म्हातारी काय म्हणते?" विचारतो. भाचा म्हणतो, "माहीत नाही." ड्रायव्हर म्हणतो, आपण दुसरी गोष्ट सुरू करू, त्यात कोणालाच धनी नको. भाचा म्हणतो, "बघू." बघत मात्र काही नाही. खालच्या फळीवरचे जबडे त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवलेत. डॉक्टर म्हणतात, याचं काम पूर्वीपेक्षा सफाईचं झालंय.

परवा माझी खालची कवळी हिरडीला लागत होती म्हणून खाली गेले. त्याने ती तोंडात बसवून बघितली.

"टोचतंय?" विचारलं. साध्या, कोरड्या, कामाच्या आवाजात.

"टोचतंय," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, आणि यंत्र सुरू केलं.